नावातील अक्षरे किती?

झाशी शहरात सीपरी बाज़ार नावाची एक प्रसिद्ध वस्ती आहे. ज्या गावास आज आपण शिवपुरी म्हणतो, त्याचे जुने नाव सीपरी. झाशीचा आणि मराठी भाषेचा संबंध जुना आहे. नेवाळकर घराण्याची सत्ता तेथे १८५४ पर्यंत होती व मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यामुळे ह्या वस्तीचे नाव दोन्ही भाषांत लिहिले जाते. हिंदी लिहिणारा 'बाज़ार' ह्या शब्दातील ज-खाली एक ठिपका देतो. मराठी लिहिणारा तो देत नाही. हिंदी लिहिणारा 'झाँसी' लिहितो. मराठी लिहिणारा 'झाशी' लिहितो. वाचणाऱ्या माणसाचे ह्यामुळे काहीच अडत नाही. परंतु हेच नाव जेव्हा संगणकाच्या नोंदवहीत जाते, तेव्हा त्या एका ठिपक्यावरून घोटाळे होतात. नोंद असूनही सापडत नाही, एकाच ठिकाणाच्या दोन नोंदी होतात, आणि कधी कधी तर बरोबर लिहिलेले नाव चुकीचे म्हणून परत येते.

हे घोटाळे का होतात, आणि ते टाळण्याची कोणती साधने आज शाळेतील विद्यार्थ्याच्याही हाती आहेत, हे पाहणे हा ह्या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उदाहरण म्हणून आपण पायथॉन ही संगणक-भाषा घेऊ. नेदरलँड्समधील गणितज्ञ व प्रोग्रॅमर खीदो व्हान रॉसम ह्यांनी १९८९ च्या अखेरीस तिची रचना आरंभिली व १९९१ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. थोड्या ओळींत आज्ञा लिहाव्यात आणि त्या लगेच चालवून पाहाव्यात, अशा सोयीच्या भाषांपैकी ही एक आहे. तिच्याबरोबर तयार साधनांचे एक मोठे भांडार फुकट मिळते. त्यास आपण प्रमाण भांडार म्हणू. भांडारात नसलेले साधन बाहेरून आणावे लागते, आणि असे बाहेरचे साधन ज्या बांधलेल्या रूपात येते त्यास पॅकेज म्हणतात.

यंत्र काय मोजते?

संगणक अक्षरे ओळखत नाही. तो संख्या ओळखतो. म्हणून प्रत्येक लेखनचिन्हास एक क्रमांक द्यावा लागतो. भारतीय लिपींसाठी असा एक तक्ता 'इस्की' ह्या नावाने तयार झाला. त्याचे १९८८ चे रूप युनिकोड ह्या जागतिक तक्त्यातील देवनागरी विभागास आधारभूत ठरले, आणि १९९१ मध्ये तो विभाग युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत आला. ह्या तक्त्यात व्यंजनास एक क्रमांक आहे, काना, वेलांटी, मात्रा ह्यांस प्रत्येकी वेगळा क्रमांक आहे, आणि व्यंजनाचा पाय मोडणाऱ्या हलन्त चिन्हासही स्वतंत्र क्रमांक आहे.

पायथॉनमध्ये ओळीने मांडलेल्या अशा चिन्हांच्या मालिकेस आपण चिन्हमाला म्हणू. तिची लांबी सांगणारे 'लेन' नावाचे साधन भाषेतच आहे. 'सीपरी' ह्या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येते ५. आपण मात्र सी, प, री अशी तीन अक्षरे मोजतो. यंत्राने स, दीर्घ वेलांटी, प, र, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे मोजली. 'लक्ष्मीबाई' ह्या नावात आपण ल, क्ष्मी, बा, ई अशी चार अक्षरे मोजतो. यंत्र दहा सांगते. दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही. दोघांनी दोन निरनिराळ्या वस्तू मोजल्या आहेत.

पूर्वी ह्याहूनही विचित्र उत्तर येत असे. पायथॉनच्या दुसऱ्या मालिकेत साधी चिन्हमाला ही चिन्हांची नसून बाइटांची मालिका होती. युटीएफ-८ ह्या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणून 'झाशी' ची लांबी तेथे १२ भरे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या मालिकेत चिन्हमाला युनिकोडवर आधारली गेली आणि हीच लांबी ४ झाली. दुसऱ्या मालिकेची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आहे.

आता समजा, एखाद्या अर्जात नावासाठी दहा चिन्हांची मर्यादा घातली आहे. रोमन लिपीत दहा अक्षरांचे नाव तेथे पूर्ण बसेल. देवनागरीत 'लक्ष्मीबाई' हे चार अक्षरी नाव काठोकाठ बसेल, आणि त्यास एक वेलांटी जरी जास्त असती तरी ते तुटले असते. मर्यादा घालणाऱ्याच्या मनात अन्याय नसतो. आपण काय मोजत आहोत ह्याचा विचार त्याने केलेला नसतो, एवढेच.

अंगभूत कृती आणि त्यांचे स्वभाव

चिन्हमालेवर करावयाच्या अनेक कृती पायथॉनमध्ये अंगभूत आहेत. 'स्प्लिट' ही कृती मोकळ्या जागेवर तोडून शब्द वेगळे करते. 'जॉइन' ते पुन्हा जोडते. 'स्ट्रिप' दोन्ही टोकांची मोकळी जागा काढून टाकते. 'रिप्लेस' एका भागाच्या जागी दुसरा घालते. ह्या कृती देवनागरीवर नीट चालतात. मोठ्या व लहान लिपीतील अक्षरे बदलणाऱ्या 'अप्पर' व 'लोअर' ह्या कृती देवनागरीवर काहीच परिणाम करीत नाहीत, कारण आपल्या लिपीत तो भेदच नाही.

अंकांच्या बाबतीत ही भाषा उदार आहे. '१८५७' असे देवनागरी अंकांत लिहिलेले साल 'इंट' ह्या साधनास दिले, तर ते त्याची संख्या बिनतक्रार करून देते. परंतु ती संख्या परत छापली असता आंतरराष्ट्रीय अंकांत छापली जाते. ती देवनागरीत हवी असल्यास 'ट्रान्स्लेट' ह्या कृतीस दहा अंकांचा तक्ता द्यावा लागतो. डावीकडे शून्ये भरून देणारी 'झेडफिल' ही कृतीही आंतरराष्ट्रीय शून्येच भरते. म्हणून देवनागरी ७ पासून '००७' करावयाचे असेल तर भरावयाचे चिन्ह आपण सांगू शकतो ती 'आरजस्ट' ही कृती योजावी. ह्या उदारतेत धोकाही आहे. बंगाली लिपीतील चार हा अंक दिसण्यात आंतरराष्ट्रीय आठासारखा असतो. 'इंट' तो चार म्हणून स्वीकारते, पण वाचणारा मनुष्य आठ वाचतो. पैशांच्या हिशेबात एका ओळीत एकाच लिपीचे अंक आहेत की नाहीत, हे वेगळे तपासणे म्हणूनच शहाणपणाचे.

सर्वांत अधिक फसवणूक 'इजअल्फा' ह्या कृतीकडून होते. चिन्हमालेतील सर्व चिन्हे वर्ण आहेत काय, हे ती सांगते. 'कमल' ह्या नावास ती होय म्हणते. 'सीता' ह्या नावास नाही म्हणते! कारण युनिकोडच्या वर्गीकरणात काना व वेलांटी हे वर्ण नसून वर्णास जोडावयाच्या खुणा आहेत, आणि ही कृती फक्त वर्णांचा वर्ग मान्य करते. ज्या अर्जात नावाची तपासणी ह्या एका कृतीवर सोपविली असेल, तेथे कमलचा अर्ज घेतला जाईल आणि सीतेचा परत येईल. शोधासाठी प्रमाण भांडारात 'आरई' नावाचा विभाग आहे. त्यातील 'शब्दचिन्ह' दर्शविणाऱ्या खुणेचाही हाच स्वभाव आहे. तिच्याकडून 'सीपरी' ह्या शब्दाचे तुकडे मागितले तर 'स' आणि 'पर' एवढेच हाती लागतात; दोन्ही वेलांट्या गळून जातात.

सारखे दिसणे आणि सारखे असणे

आता मूळ ठिपक्याकडे वळू. त्यास नुक्ता म्हणतात. 'ज़' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत त्यास स्वतःचा एक क्रमांक आहे. दुसऱ्या रीतीत ज हा एक क्रमांक व नुक्ता हा दुसरा. कागदावर दोन्ही एकच दिसतात. परंतु पहिल्या रीतीने लिहिलेल्या 'बाज़ार' शब्दाची लांबी ५ भरते, दुसऱ्या रीतीची ६. आणि हे दोन शब्द सारखे आहेत काय असे यंत्रास विचारले, तर ते नाही म्हणते. म्हणजे सीपरी बाज़ारात राहणाऱ्या दोन माणसांनी आपापल्या कळफलकावर आपला पत्ता अगदी बरोबर लिहिला, तरी यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळ्या ठिकाणी राहतात.

मराठीचे स्वतःचे असेच एक अक्षर आहे. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' ह्या शब्दांत येणारा 'ऱ'. त्यासही एक स्वतंत्र क्रमांक आहे, आणि र अधिक नुक्ता अशीही त्याची मांडणी होते.

ह्यावरील उपाय प्रमाण भांडारातच आहे. 'युनिकोडडेटा' ह्या विभागात 'नॉर्मलाइझ' नावाचे साधन आहे. समान मानलेल्या मांडण्यांपैकी एक निश्चित मांडणी निवडून ते सर्व शब्द तीत आणते. ह्यास आपण एकरूपीकरण म्हणू. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. 'एनएफसी' ह्या प्रकारात चिन्हे शक्यतो जोडली जातात. 'एनएफडी' ह्या प्रकारात ती सुटी केली जातात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एनएफसी प्रकारात 'ऱ' जोडला जाऊन एक चिन्ह होतो. परंतु 'ज़', 'क़', 'ड़' ही अक्षरे नियमाने अपवाद ठरविली असल्यामुळे त्याच प्रकारात सुटीच राहतात. ह्या अपवादाचा उपयोग आपणास पुढे होणार आहे.

एकरूपीकरणाने सगळेच प्रश्न मिटत नाहीत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तत्पूर्वी अ वर अर्धचंद्र देऊन ते लिहीत, आणि आजही कोणी तसे लिहितात. ह्या दोन मांडण्या युनिकोडने समान मानलेल्या नाहीत. त्या एक करावयाच्या तर आपणच 'रिप्लेस' वापरून कराव्या लागतात. 'दऱ्या' हा शब्द अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिण्याची एक जुनी रीत आहे. तीही 'नॉर्मलाइझ' च्या कक्षेबाहेर राहते.

अनुक्रमाचा प्रश्न

ग्रंथालयाच्या यादीस अनुक्रम लागतो. पायथॉनचे 'सॉर्टेड' हे साधन चिन्हांच्या क्रमांकांप्रमाणे अनुक्रम लावते. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणून 'सॉर्टेड' ने 'कळस' हा शब्द 'कवच' च्या आधी ठेवला, तर मराठी वर्णमालेप्रमाणे पाहणारा वाचक त्यास भलत्या ठिकाणी शोधीत राहील. उशिरा आलेल्या 'ॲ' चा क्रमांक तर ह च्याही पलीकडे आहे. त्यामुळे 'ॲल्युमिनियम' हा शब्द 'हरभरा' च्या नंतर जाऊन पडतो.

येथे प्रमाण भांडाराची मर्यादा दिसते. त्यातील 'लोकेल' हा विभाग भाषावार अनुक्रम लावू शकतो, पण त्याचे नियम तो ज्या यंत्रावर चालतो तेथून उसने घेतो. एका यंत्रावर लागलेला अनुक्रम दुसऱ्यावर लागेलच असे नाही. भाषावार नियमांचा मोठा संग्रह 'आयसीयू' ह्या नावाने उपलब्ध आहे, आणि तो पायथॉनमध्ये वापरण्यासाठी 'पायआयसीयू' नावाचे पॅकेज आहे. तसेच 'रेजेक्स' नावाचे पॅकेज शोधाच्या कामात काना-वेलांटी शब्दाचा भाग मानते आणि 'सीपरी' अखंड देते. पुण्यातील एलथ्रीक्यूब ह्या संशोधक गटाने मराठी मजकुराच्या पृथक्करणासाठी 'महाएनएलपी' हे साधन २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रभू रामचंद्रन ह्यांचे त्रिमिती आकृत्या काढणारे 'मायावी' हे पॅकेज तर अनेक देशांतील शास्त्रज्ञ वापरीत आले आहेत.

बाहेरून आणलेली साधने

अशी पॅकेजे 'पायपीआय' नावाच्या सार्वजनिक कोठारात ठेवलेली असतात. हे कोठार २००३ मध्ये सुरू झाले. तेथून साधन आणून बसविण्याचे काम 'पिप' करते. ते २००८ मध्ये आले, आणि २०१४ पासून पायथॉनबरोबरच मिळू लागले. 'पिप' प्रथम पॅकेजचे वर्णनपत्र वाचते; त्यास आणखी कोणती पॅकेजे लागतात ते पाहते; सर्वांस चालतील अशा आवृत्त्यांचा मेळ घालते; आणि मग ती उतरवून योग्य जागी मांडते. पॅकेज जर 'व्हील' ह्या तयार रूपात असेल तर ते नुसते उलगडावे लागते. मूळ लेखनाच्या रूपात असेल आणि त्याचा काही भाग सी सारख्या भाषेत लिहिलेला असेल, तर आपल्या यंत्रावर संकलकही असावा लागतो.

आवृत्तीस एवढे महत्त्व का, हे आपल्या उदाहरणावरूनच समजेल. युनिकोड मानक केवळ क्रमांक देत नाही; अक्षर कोठे तुटते ह्याचे नियमही देते. जुन्या नियमाप्रमाणे पाय मोडलेल्या व्यंजनानंतर अक्षर तुटत असे. त्यामुळे 'लक्ष्मीबाई' चे ल, क्, ष्, मी, बा, ई असे सहा भाग होत. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ ह्या आवृत्तीने देवनागरीसारख्या लिपींतील जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम घातला, आणि त्याप्रमाणे भाग चारच होतात. म्हणजे एकाच नावातील अक्षरे मोजणारे साधन जुन्या नियमावर रचलेले असेल तर सहा सांगेल, नव्यावर रचलेले असेल तर चार. ज्या शाळेत दोन यंत्रांवर दोन आवृत्त्या आहेत, तेथे दोन उत्तरे येतील आणि दोष कोणाचा हे कोणास कळणार नाही.

म्हणून दोन सवयी लावून घ्याव्यात. पहिली, प्रत्येक कामासाठी 'व्हेन्व' ह्या साधनाने एक स्वतंत्र कक्ष निर्माण करावा, म्हणजे एका कामासाठी आणलेले पॅकेज दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करीत नाही. हे साधन २०१२ पासून प्रमाण भांडारात आहे. दुसरी, कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती वापरली ते एका यादीत लिहून ठेवावे. ती यादी दिली की 'पिप' दुसऱ्या यंत्रावर त्याच आवृत्त्या बसविते.

बाहेरचे साधन आणताना विवेक लागतो. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट ह्या दुसऱ्या भाषेच्या कोठारातून 'लेफ्ट-पॅड' नावाचे पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादामुळे काढून घेतले. त्यात सुमारे ११ ओळी होत्या, आणि काम एवढेच की शब्दाच्या डावीकडे जागा भरून द्यावी. परंतु असंख्य प्रकल्प प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे त्यावर विसंबून होते. ते एकाएकी उभे राहिनासे झाले. पायथॉनमध्ये हेच काम अंगभूत 'आरजस्ट' करते. घरात असलेली वस्तू बाजारातून आणू नये, हा संसारातला नियम येथेही लागू पडतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. घरातील वस्तूही कायमची राहतेच असे नाही. पॅकेजे बांधण्यासाठी सन २००० पासून प्रमाण भांडारात असलेला 'डिस्टयूटिल्स' हा विभाग ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ आवृत्तीतून वगळला गेला, आणि पुढील वर्षी ३.१३ मधून आणखी १९ जुने विभाग गेले. ज्यांची निगा राखणारे कोणी उरले नाही, किंवा ज्यांहून चांगली साधने बाहेर तयार झाली, ती काढून टाकावी असे ठरले.

पॅकेजच्या नावांचा प्रश्नही आपल्या सीपरी बाज़ाराच्या प्रश्नाहून फार वेगळा नाही. पायपीआयमध्ये नाव फक्त रोमन अक्षरे, अंक, बिंदू, जोडरेघ व अधोरेघ ह्यांतच द्यावे लागते. देवनागरी नाव चालत नाही. लहान-मोठ्या लिपीचा भेद आणि बिंदू, जोडरेघ व अधोरेघ ह्यांतील भेद मानला जात नाही. म्हणजे तेथेही एकरूपीकरण आहेच. ते नसते तर एका अधोरेघेच्या फरकाने कोणीही खऱ्या पॅकेजशेजारी खोटे पॅकेज ठेवू शकला असता. एखादे अक्षर बदलून असे फसवे पॅकेज ठेवण्याचे प्रकार अजूनही होतात. म्हणून नाव अक्षर-अक्षर तपासूनच आज्ञा द्यावी.

शेवटचा निर्णय कोणाचा?

आता 'बाज़ार' आणि 'बाजार' ह्यांच्याकडे परत येऊ. 'नॉर्मलाइझ' ने ठिपक्याच्या दोन मांडण्या एक होतात. पण ठिपका असणे आणि नसणे हे एक होत नाही, आणि होऊही नये. हिंदीत 'राज' म्हणजे राज्य आणि 'राज़' म्हणजे गुपित. म्हणून मूळ नोंद जशी लिहिली तशीच जतन करावी, आणि शोधासाठी तिच्याशेजारी दुसरी एक किल्ली तयार करावी. त्या किल्लीत प्रथम एनएफसी एकरूपीकरण करावे आणि मग 'ट्रान्स्लेट' ने नुक्ता काढून टाकावा. असे केले की 'बाज़ार' चा 'बाजार' होतो, 'सड़क' ची 'सडक' होते, आणि मराठी 'तऱ्हा' मात्र सुखरूप राहते, कारण एनएफसीने तिच्यातील 'ऱ' आधीच जोडून टाकला आहे. हेच काम एनएफडी प्रकारात केले तर 'ऱ' चा ठिपका सुटा होऊन तोही पुसला जाईल आणि 'तऱ्हा' ची 'तर्हा' होऊन बसेल. साधने तीच, फक्त निवड चुकली. परंतु तेवढ्याने भाषेतील एक अक्षर नाहीसे झाले.

'झाशी' आणि 'झाँसी' ह्यांस जोडणारा मात्र असा कोणताही सामान्य नियम नाही. तेथे दोन्ही नावे एकाच स्थळाची आहेत अशी नोंद कोणा जाणत्या माणसाने हाताने करून ठेवावी लागते.

ज्या शाळेत संगणक आहे, तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गाच्या हजेरीपटातील नावे घेऊन हे प्रयोग करून पाहावेत: प्रत्येक नावाची यंत्राने सांगितलेली लांबी व आपण मोजलेली अक्षरे शेजारी मांडावीत, 'इजअल्फा' कोणकोणाचे नाव नाकारते ते पाहावे, 'सॉर्टेड' ने लावलेला अनुक्रम वर्णमालेशी ताडून पाहावा. ग्रंथपालांनी आपल्या यादीत 'ॲ', 'ऱ' आणि 'ळ' असलेली नावे शोधून पाहावीत. कोणाचे नाव यंत्राने नाकारले, तर दोष त्या नावात नसून तपासणीच्या नियमात आहे, हे मुलांना त्या वेळी अवश्य सांगावे.